एकशेवीसची कॅनॉपी आत्ता नको

"ताई, स्कायडायव्हिंगची टँडम जम्प, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून विमानातून मारलेली पॅराशूटची उडी, केली त्याच दिवशी ठरवलं होतं, हे स्वतः शिकायचं. एएफएफचे, म्हणजे प्रशिक्षकांसोबत उड्या मारत शिकायच्या कोर्सचे, पहिले तीन टप्पे नीट झाले. मग कामामुळे पाच आठवडे जाता आलं नाही. चौथ्या टप्प्यात प्रशिक्षकांनी मला सोडलं आणि मी गरगर फिरायला लागले. थांबवायचा प्रयत्न करत राहिले, मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटर बघायचं राहूनच गेलं आणि शेवटी त्यांनीच माझी कॅनॉपी (पॅराशूटचा पंख) उघडली. उतरले व्यवस्थित, पण तेव्हापासून वाटतंय की हे आपल्याला जमणारं नाही. त्यातच एक सीनियर मित्र आपला अख्खा रिग, म्हणजे पॅराशूटचा सगळा संच, विकतोय. १२० चौरस फुटांची एलिप्टिकल (लंबवर्तुळाकार) कॅनॉपी, रिझर्व्ह (राखीव पॅराशूट), एएडी (रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र), हेल्मेट आणि त्यावर बसवलेला कॅमेरासुद्धा. माझं वजन ६४ किलो. तो म्हणतो, तू हलकी आहेस, तुला एवढी पुरे. मोठी घेतलीस तर सहा महिन्यांत बदलावी लागेल. महिनाअखेर सांगायचंय. घेऊ का? आणि मुळात पुढे जाऊ का?"

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही 'अगं तुगं' करतेय. आधी थेट उत्तरं देते, कारण महिनाअखेर जवळ आलीय. पुढे जा. आणि तो रिग घेऊ नकोस. मित्राने कितीही कमी किमतीत दिला तरी नाही, अगदी फुकट दिला तरी नाही.

तुझ्या पत्रात तुला सगळ्यात जास्त टोचलंय ते गरगरणं. मला त्याची फारशी काळजी वाटली नाही. चौथ्या टप्प्यावर शरीराला कोणाचा आधार नसतो. तोवर दोन्ही बाजूंना दोन प्रशिक्षक तुझ्या चुका गुपचूप सावरत होते. ते हात सुटले की तोपर्यंत लपलेली चूक बाहेर येते. हा टप्पा दोनदा, तीनदा करावा लागलेले कितीतरी जण पुढे उत्तम जम्पर झालेत, काही तर प्रशिक्षकही झालेत.

गरगरण्याचं मूळ बहुतेक वेळा पायांत असतं. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली, किंवा एक पोटरी जास्त दुमडलेली. ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढा फरक शरीर फिरवायला पुरतो. फिरायला लागलं की माणूस घाबरतो, घाबरला की ताठ होतो, आणि ताठ शरीर वाऱ्यावर आणखीच डळमळतं. मग आपण हातांनी ते थांबवायला जातो आणि पाय तसेच राहतात. यावर करायच्या गोष्टी साध्या आहेत. हनुवटी वर, कंबर पुढे ढकलून आर्च (अंगाची कमान), दोन्ही पाय थोडे लांब करून पोटऱ्यांवर वारा घ्यायचा, आणि श्वास सोडायचा. श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडतं. फ्री फॉलमध्ये, म्हणजे कॅनॉपी उघडण्याआधी पडत असताना, नवखे लोक नकळत श्वास धरून ठेवतात. तू बहुधा तेच केलं असशील.

जमलं तर पुढच्या जम्पआधी विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून वारा सोडून माणसाला तरंगत ठेवणाऱ्या बोगद्यात, दहा-पंधरा मिनिटं उडून ये. आकाशात एका जम्पमध्ये जेमतेम मिनिटभर फ्री फॉल मिळतो, त्यातही शिकायला मिळणारे सेकंद थोडेच. टनेलमधली दहा मिनिटं म्हणजे दहा जम्पचा सराव, आणि समोर कोच असतो, काचेपलीकडे व्हिडिओ चालू असतो. पायांतली ही चूक तिथे लवकर सापडते. मात्र टनेल एक वाईट सवयही लावतो: तिथे जमीन जवळ येत नाही. म्हणून तिथे जाशील तेव्हा मनगटावर अल्टिमीटर बांध, काटा शून्यावर असला तरी. कोचला आधी सांग की दर काही सेकंदांनी मी मनगट बघणार आहे आणि शेवटी हात मागे नेऊन कॅनॉपी उघडायचं हँडल ओढण्याची नक्कल करणार आहे.

कारण मला खरी काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या एका छोट्या वाक्याची. "अल्टिमीटर बघायचं राहूनच गेलं." हे तू जाता जाता लिहिलंयस, आणि सगळा भर गरगरण्यावर. माझ्या लेखी हा क्रम उलटा हवा होता.

आकडे मांडून बघ. पोटावर सपाट पडताना १,००० फूट पार व्हायला साडेपाच-पावणेसहा सेकंद लागतात. विद्यार्थ्याने साधारण ५,५०० फुटांवर उघडायचं असतं. त्या उंचीपासून जमिनीपर्यंत, काहीच उघडलं नाही तर, तुझ्या हातात ३० सेकंद आणि थोडेसे असतात. २,५०० फूट ही तुझ्यासाठी निर्णयाची उंची. मुख्य कॅनॉपी ठीक नसेल तर तिथपर्यंत कटअवेचा, म्हणजे ती सोडून देऊन रिझर्व्ह उघडण्याचा, निर्णय झालेला असलाच पाहिजे. काहीच उघडलेलं नसेल तर तिथून खाली उरतात १४ सेकंद. तू जितका वेळ चक्कर थांबवण्यात घालवलास, तेवढ्यात बरंच काही होऊन गेलं असतं. प्रशिक्षक सोबत होते म्हणून हे आज आपण निवांत बोलतोय.

म्हणून एक प्राधान्यक्रम डोक्यात असा बसव की झोपेतून उठवलं तरी सांगता यावा. पहिलं, ओढणं. दुसरं, ठरलेल्या उंचीवर ओढणं. तिसरं, स्थिर असताना ओढणं. स्थिरता तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे लक्षात घे. फिरत असताना उघडलेली कॅनॉपी गुंतलेल्या दोऱ्यांसह उघडेल कदाचित, अस्वस्थ करणारी असेल, पण ती उघडलेली असेल. ताबा सुटला तर पाच सेकंद सावरायचा प्रयत्न करायचा, नाहीच सावरलं तर ओढायचं. हा पाच सेकंदांचा नियम तुला पहिल्या दिवशीच्या वर्गात नक्की सांगितला असणार. जमिनीवर ऐकलेलं वर आठवत नाही, कारण ते अंगात उतरलेलं नसतं. घरी पोटावर झोपून सराव कर: आर्च, मनगट, क्षितिज, मनगट, मग हातांनी खूण करून ओढ. त्यात एखाद्या वेळी कोणाला तरी मध्येच "फिरतेयस!" म्हणून ओरडायला सांग. तेव्हा मोठ्याने पाच मोज आणि ओढ. ऐकायला पोरकट वाटेल, पण मी शंभराच्या पुढे जम्प झाल्यावरही हे करत होते.

आणि पाच आठवड्यांचा खंड. शिकाऊ जम्परसाठी महिनाभराची गॅपही मोठी मानतात, हे काही उगाच नाही. तू तीन टप्पे जिथे सोडलेस तिथून चौथा सुरू केलास, पण शरीर तिथे नव्हतं. पुढच्या वेळी इतकी गॅप पडली तर स्वतःहून प्रशिक्षकांना सांग की आधी उजळणी हवी. पाठोपाठच्या दोन-तीन आठवड्यांत चार-पाच जम्प करता येतील असा वेळ आणि पैसा हाताशी असेल तेव्हाच पुन्हा सुरुवात कर. महिन्याला एक जम्प करत शिकणं जास्त खर्चाचंही पडतं, कारण टप्पे परत परत करावे लागतात.

आता रिगकडे येऊ.

मित्राचं म्हणणं आहे, तू हलकी आहेस म्हणून तुला छोटी कॅनॉपी पुरे. हे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि इतक्या चांगल्या हेतूने, की त्याचा हिशेब सविस्तर मांडते. विंग लोडिंग म्हणजे कॅनॉपीच्या दर चौरस फुटाला किती पौंड लटकतात ते. वजन मोजायचं ते विमानातून बाहेर पडतानाचं. तुझे ६४ किलो, त्यात रिग, कपडे, हेल्मेट मिळून ११ किलो धर. झाले ७५ किलो, म्हणजे साधारण १६५ पौंड. भागिले १२०. उत्तर येतं १.३७ च्या वर. नवख्या जम्परला हा आकडा १.० च्या आत ठेवायला सांगतात, आणि तू तर अजून परवान्यापर्यंतही पोचलेली नाहीस. शाळेच्या रिगमधली तुझी कॅनॉपी २१० च्या आसपास असेल, नेमका आकडा प्रशिक्षकांना विचार. २१० धरली तर तुझं आत्ताचं लोडिंग ०.८ च्या खाली आहे.

०.८ वरून १.४, ऐकताना फरक किरकोळ वाटतो. पण उडण्याचा वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे या बदलात तुझा वेग साधारण एक तृतीयांशाने वाढेल आणि चूक झाली तर जमिनीवर आपटतानाची ऊर्जा होईल पावणेदोनपट. तुझी आजची चूक मुका मार देते. तीच चूक, तेच हात, तीच उंची, आणि पाय मोडेल.

'हलकी आहेस' हा मुद्दा तर नेमका उलटा लागू होतो. छोट्या कॅनॉपीच्या दोऱ्याही आखूड असतात. झोपाळ्याची दोरी आखूड केली की झोका जसा भरभर येतो-जातो, तसं आखूड दोऱ्यांखालचं शरीर पटकन बाहेर फेकलं जातं आणि कॅनॉपी पटकन झुकते. त्यामुळे विमानातून बाहेर पडताना ९० किलो भरणारा माणूस १८० वर आणि तुझ्यासारखी मुलगी १५० वर, लोडिंग जवळपास सारखंच असलं तरी तुझी कॅनॉपी जास्त चपळ वागते. हलक्या माणसाने म्हणूनच १.० पर्यंतही सावकाश जावं. त्यात मित्राची एलिप्टिकल. तिचे कोपरे निमुळते असतात, टॉगल (वळवायचं हँडल) थोडं ओढलं की ती वळते आणि वळताना उंची खाते. दोऱ्यांना पीळ पडला तर चौकोनी कॅनॉपी बहुतेक वेळा सरळ उडत राहते, तुला पाय झटकून पीळ सोडवायला वेळ देते. एलिप्टिकल मात्र गिरक्या घ्यायला लागते आणि निर्णयाचा वेळ खाऊन टाकते.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या ऐंशीच्या आसपास जम्प झाल्या होत्या. मी शाळेची मोठी कॅनॉपी सोडून दोन आकार एकदम खाली आले होते, कारण विकणारा घाईत होता आणि मी त्याहून जास्त. पंधरा-वीस लँडिंग सुंदर झाली. मग एका संध्याकाळी शेवटच्या सरळ टप्प्यावर असताना कोणीतरी समोरून आडवं आलं. मी घाबरून उजवं टॉगल ओढलं, जितकं मोठ्या कॅनॉपीवर ओढायची सवय होती तितकंच. कॅनॉपीने नाक खाली घातलं. मला एवढंच आठवतं की गवत माझ्या बाजूला दिसत होतं, खाली नाही. घोट्यात दोन स्क्रू बसले, सात महिने गेले. माझी कॅनॉपी पूर्ण उघडलेली होती, तिच्यात काहीही बिघाड नव्हता. त्या आडव्या आलेल्या माणसाचीही चूक मी धरत नाही. ती परिस्थिती येणारच असते, आणि तिला तोंड द्यायचं वळण मला येत नव्हतं.

ते वळण म्हणजे ब्रेक धरून घेतलेलं सपाट वळण. दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत खाली, मग एका बाजूचं किंचित सोडायचं किंवा दुसऱ्या बाजूचं किंचित ओढायचं. कॅनॉपी फारशी न झुकता वळते, उंची कमी जाते. हे जमिनीपासून ५० फुटांवर पहिल्यांदा करून बघायची गोष्ट नाही. ३,००० फुटांवर, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, प्रत्येक जम्पला दोन-तीनदा करायचं. लोक फ्री फॉलला घाबरतात, मीही घाबरत होते. पण या खेळात मोडणारी हाडं आणि जाणारे जीव यांतला मोठा वाटा धडधाकट कॅनॉपीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या वळणांचा आहे. म्हणून ज्यांना शिकवायची संधी मिळते त्यांना मी सांगते, कॅनॉपीखालची पाच-सहा मिनिटं ही फ्री फॉलनंतरची विश्रांती नाही.

उतरतानासाठीही एक क्रम आहे. पंख सपाट, म्हणजे वळणात असताना जमिनीला टेकायचं नाही. अडथळ्यांपासून दूर. निदान अर्ध्यापर्यंत तरी फ्लेअर, म्हणजे दोन्ही टॉगल ओढून वेग कमी करणं. आणि पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून लोळण घ्यायची तयारी. वाऱ्याच्या दिशेनेच उतरणं होत असेल तर होऊ दे, कपडे मळतील, थोडं खरचटेल. शेवटच्या क्षणी वाऱ्याकडे तोंड करायला वळणं हेच जास्त घातक असतं. इमारती आणि झाडांच्या मागे, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला, त्यांच्या उंचीच्या दहा-वीसपट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असू शकते, हेही जागा निवडताना लक्षात ठेव. आणि वारा वाढतोय असं वाटलं तर विमानात बसू नकोस. लोड भरलंय, सगळे बोलावताहेत, तरी नाही.

मित्राच्या कंटेनरमधल्या (पाठीवरच्या पिशवीतल्या) रिझर्व्हचा आकार तू विचारलास का? पत्रात नाही. १२० च्या मेनसाठी (मुख्य कॅनॉपीसाठी) शिवलेल्या कंटेनरमध्ये रिझर्व्हही तेवढंच, क्वचित त्याहून लहान असतं. नवे लोक मेनचा आकार चार जणांना विचारतात आणि रिझर्व्हचा कोणालाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रिझर्व्ह केव्हा उघडणार, कल्पना कर. कमी उंचीवर, तू घाबरलेली असताना, बहुधा अनोळखी शेतावर किंवा झाडांजवळ. आणि एएडीने उघडलं असेल तर कदाचित तू शुद्धीवरही नसशील, म्हणजे फ्लेअर करायला कोणीच नाही. त्या वेळी डोक्यावर जितकं जास्त कापड असेल तितकं बरं.

एएडीबद्दल दोन शब्द, कारण 'रिगमध्ये एएडी आहे' हे वाक्य लोक विम्यासारखं वापरतात. १९९१ मध्ये सायप्रस नावाचं एएडी बाजारात आलं आणि अनुभवी जम्परही असं यंत्र वापरायला लागले. त्याने कितीतरी जीव वाचवलेत आणि एएडीशिवाय तू कधीच उडी मारू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते काय करतं ते नीट समजून घे. अनुभवी जम्परसाठीचं सायप्रस साधारण ७५० फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तरच, रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरी (क्लोजिंग लूप) कापतं. अर्धवट उघडलेली, गिरक्या घेणारी मेन कधी कधी त्याहून हळू खाली येते; जीव घ्यायला तो वेग पुरतो, यंत्र चालू व्हायला मात्र पुरत नाही. ते मेन कापून टाकत नाही, ते काम तुझंच. उलट तू उशिरा ओढलंस तर मेन उघडता उघडता एएडीही चालतं आणि डोक्यावर दोन कॅनॉपी येतात. विद्यार्थ्यांचं यंत्र कमी वेगालाही चालतं, म्हणून शाळेच्या रिगवर कमी उंचीवर जोरदार गिरक्या घ्यायच्या नाहीत. आणि जुना रिग घेताना यंत्राची उत्पादन तारीख बघायची. प्रत्येक कंपनीने त्याचं आयुष्य आणि सर्व्हिसिंगचं वेळापत्रक ठरवून दिलेलं असतं. आयुष्य संपत आलेलं यंत्र म्हणजे पुढच्या वर्षीचा नवा खर्च.

हार्नेसचं, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांचं, मापही तसंच. तो रिग मित्राच्या अंगासाठी शिवलेला आहे. पायांचे पट्टे पूर्ण आवळूनही सैल राहिले, खांद्यावरून कंटेनर सरकला, तर फ्री फॉलमध्ये हँडल रोजच्या जागेवर राहत नाहीत. तुझा हात सवयीने जिथे जाईल तिथे हँडल नसेल. मला या एका गोष्टीसाठीसुद्धा तो रिग नको वाटतो. हार्नेस अंगावर चढवून, टांगून, उजवीकडचं कटअवे आणि डावीकडचं रिझर्व्हचं हँडल डोळ्यांनी दिसतं का, दोन्ही हात सहज पोचतात का, हे तपासल्याशिवाय कुठलाही रिग घेऊ नये.

मग आत्ता काय घ्यायचं? फार थोडं, आणि तेच तुझ्या उपयोगाचं. सगळ्यात आधी अल्टिमीटर, तोही काट्याचा. डिजिटल छान असतात, पण काट्याची तबकडी एका नजरेत कळते, आकडा वाचावा लागत नाही. तुला आत्ता नेमकी तीच गरज आहे. स्वतःचा असला की घरीही मनगटावर बांधून सराव होतो. ठरलेल्या उंचीला कानाजवळ वाजणारा ऑडिबल परवाना मिळेपर्यंत थांबव. तो वाजेपर्यंत वाट बघायची सवय लागली की डोळे आळशी होतात, आणि एखाद्या दिवशी त्याची बॅटरी संपते. मग कडक कवचाचं हेल्मेट, डोक्याला घट्ट बसणारं, ज्यात कान थोडे मोकळे राहतील आणि विमानातल्या सूचना ऐकू येतील. गॉगल, तेही चष्मा असेल तर त्यावर बसणारे. बुटांना दोरी अडकेल असे हुक नकोत. एवढंच. जम्पसूट शाळेचा वापर. हलक्या अंगाला थोडं घट्ट सूट लागतं, नाहीतर तू इतरांच्या वर तरंगत राहतेस. पण नेमकं काय हवं ते वीस-तीस जम्पनंतरच कळेल.

कॅमेऱ्याचा मात्र विचारही करू नकोस. अमेरिकेतल्या युएसपीए या स्कायडायव्हिंग संघटनेची शिफारस आहे की २०० जम्प झाल्याशिवाय कॅमेरा लावू नये. त्याला दोरी अडकू शकते, हे कारण आहेच. पण मोठं कारण असं की कॅमेरा लावला की मन चित्रात जातं, आणि तुझं मन आत्ता अल्टिमीटरवर असायला हवं. आठवणीसाठी प्रशिक्षकांच्या हेल्मेटवरचा व्हिडिओ माग. शिकायला तोच जास्त उपयोगी.

परवाना मिळेपर्यंत शाळेचे रिग, मग भाड्याचे. युएसपीएच्या पद्धतीत पहिला, ए परवाना किमान २५ जम्पना मिळतो. त्या काळात भाड्याने २१०, मग १९०, असं एकेक पायरीने खाली ये. प्रत्येक आकारावर वारा असताना, वारा नसताना, ठरवलेल्या जागेपासून चुकून लांब पडल्यावर उतरून बघ. १९० वर तुझं लोडिंग ०.८७ होतं, १७० वर ०.९७. तुझी पहिली स्वतःची कॅनॉपी या दोनांतली एक असावी, चौकोनी किंवा किंचित निमुळती, नऊ सेलची (कप्प्यांची) साधी. सात सेलची घेतलीस तर ती थोडी स्थिर उघडते आणि उतरताना जास्त तीव्र कोनात येते; ती आवड पुढे ठरव. भाडं वाया जातं असं मित्र म्हणेल. मला उलट वाटतं: भाडं देऊन तू आकार निवडायचं शिक्षण घेतेस. आणि मोठी कॅनॉपी 'सहा महिन्यांत बदलावी लागेल' हे खरं नाही. मोठ्या कॅनॉपीवर शंभर-दोनशे जम्प मजेत करता येतात, आणि नंतर ती विकायला निघाली की तुझ्यासारखीच एखादी नवी मुलगी घ्यायला तयार असते.

तेव्हा जुना रिग घ्यायला हरकत नाही, मी जुनेच सुचवेन. फक्त पैसे देण्याआधी तो एका रिगरकडे (पॅराशूट तपासणाऱ्या-बांधणाऱ्या जाणकाराकडे) उघडून तपासून घे, आणि तो रिगर विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. कापड किती जीर्ण झालंय, किती जम्प झाल्यात, दोऱ्या केव्हा बदलल्यात हे विचार. स्पेक्ट्रा या धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडणं हळू करणाऱ्या कापडाच्या) घर्षणाच्या उष्णतेने आखडतात, आणि सगळ्या सारख्या आखडत नाहीत. ब्रेकच्या दोऱ्या आखूड झाल्या की कॅनॉपी नकळत ब्रेक धरूनच उडते, कधी उघडताना जोराचा हिसका देते. रायझरवरच्या (हार्नेसला दोऱ्यांशी जोडणाऱ्या पट्ट्यांवरच्या) तीन कड्या नीट फिरतात का बघ. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात ही तीन कड्यांची युक्ती शोधली. एकीत एक अडकलेल्या कड्या भार इतका कमी करत नेतात की शेवटची छोटी दोऱ्याची लूप एका पिवळ्या केबलने धरून ठेवता येते आणि तुझ्या एका ओढीत सगळं सुटतं. पण वाकलेली कडी किंवा मळलेली केबल असेल तर ती ओढ जड होते. आरएसएल हा जोडपट्टा असलाच पाहिजे. कटअवेनंतर सुटलेला रायझर त्याच्यामार्फत रिझर्व्हची पिन ओढतो, तुझा हात दुसऱ्या हँडलपर्यंत पोचायच्या आधी. आणि नव्या रिगवर पायलट शूट (मेन बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट) किंवा हँडलची जागा शाळेच्या रिगपेक्षा वेगळी असेल तर टांगलेल्या हार्नेसमध्ये ती क्रिया पुन्हा पन्नास वेळा कर, मगच वर जा.

आणखी एक सुचवते, विचारलेलं नाहीस तरी. पॅकिंग लवकर शिक. नव्या झिरो पोरोसिटी कापडातली हवा निघता निघत नाही, सुरुवातीला रडकुंडीला येशील. पण स्वतः घडी घालायला लागलीस की दोऱ्या, स्लायडर, ब्रेक यांची ओळख हाताला होते, आणि वर काही विचित्र दिसलं तर कुठे बिघडलंय हे डोळ्यांना कळतं. रिझर्व्ह मात्र परवानाधारक रिगरच बांधेल, ठरलेल्या मुदतीत, सीलसह.

मित्राला नाही कसं म्हणायचं? खरं ते सांग. सांग की माझं लोडिंग १.३७ च्या वर जातंय आणि मी २५ जम्पही केलेल्या नाहीत. तो जबाबदार जम्पर असेल तर आकडा ऐकून गप्प होईल. रागावला तर रागावू दे, पण त्याच्याकडून कॅनॉपीबद्दल पुढे काही विचारू नकोस. अशा गोष्टी तुझ्या प्रशिक्षकांना विचार, ज्यांनी तुझी लँडिंग डोळ्यांनी बघितलीत.

आता चौथा टप्पा. जाण्याआधी प्रशिक्षकांसोबत मागच्या जम्पचा व्हिडिओ बघ, फक्त पाय बघायला. मग त्यांना सांग की या वेळी मला वळणं नाही जमली तरी चालतील, मी स्वतः ५,५०० ला ओढणार आहे, तुम्ही वाट बघा. टप्पा पास झाला नाही तरी मला चालेल. उतरल्यावर लॉगबुकात एक जास्तीची ओळ लिही: हँडलला हात गेला तेव्हा काटा कुठे होता. तो आकडा मला कळव.